कुठलीही गाडी चालेल

केलेब, तुझं नाव मला तू गेल्यावर कळलं. सहा आठवडे तू माझ्या गाड्यांवरचा बर्फ झाडलास, माझ्या घरी जेवलास, माझ्या बायकोला, शैलाला, काकू म्हणालास, आणि मला तुझं नाव ठाऊक नव्हतं. कोटावरच्या काळ्या पट्टीवर ‘एल्डर लार्सन’ एवढंच होतं. एल्डर म्हणजे वडीलधारा, तुमच्या चर्चच्या प्रचारकांना असंच म्हणतात. एकोणीस वर्षांचा, नीट दाढीही न फुटलेला वडीलधारा. मी एकदा विचारलं होतं, आईनं नाव काय ठेवलंय? तू म्हणालास, प्रचाराची दोन वर्षं आम्ही ते वापरत नाही, घरी गेलो की परत घेणार. जसं काही ते आयडाहोत खुंटीला टांगून आला होतास.

हे मी मराठीत लिहितोय. तुला वाचता आलं नसतं आणि तुझ्या आईलाही येणार नाही, म्हणूनच. शैला म्हणाली, मराठी मंडळाच्या अंकासाठी लिहा, आपल्या नोव्हाय गावातल्या निम्म्या लोकांनी त्याला तोंडावर दार लावलंय, त्यांना तरी कळू दे कोण होता. पण यात एक गोष्ट अशी आहे जी शैलालाही ठाऊक नाही. अंक घरी येईल त्या दिवशी मी माझ्या जुन्या गाड्यांच्या लॉटवर जरा जास्त वेळ थांबेन म्हणतो.

नोव्हेंबरातला, थँक्सगिव्हिंगच्या आधीचा आठवडा होता. पहिला मोठा बर्फ पडला होता. लॉटवर एक्केचाळीस गाड्या, सगळ्यांवर वीतभर थर, आणि मी एकटा ब्रश घेऊन. आदल्याच दिवशी मदतनिसाशी भांडून त्याला घालवलं होतं. जुन्या गाड्या विकणाऱ्याला बर्फ परवडत नाही, झाकलेली गाडी कुणी घेत नाही. तेवढ्यात तुम्ही दोघं आलात, तू आणि तो उंच एल्डर रीस. काळे कोट, टाय, आणि बूट असे की शाळेच्या गॅदरिंगला निघालेत. मदत करू का, म्हणालास. मी विचारलं, किती घेणार? काही नाही. मग नको, म्हटलं मी. या लॉटवर ‘फ्री’ हा शब्द मी दिवसातून दहादा वापरतो, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे. तुला काय हवंय ते बोल.

“अर्धा तास,” तू म्हणालास. “येशू ख्रिस्ताबद्दल बोलायचंय तुमच्याशी.”

मी पस्तीस वर्षं सौदे करतोय. सांगलीकडच्या एका गॅरेजमध्ये पाने पुसण्यापासून सुरुवात केली, इथे डेट्रॉइटजवळ सुट्या भागांच्या कारखान्यात आलो, तिथून काढलं तेव्हा दोन गाड्या घेऊन हा लॉट टाकला. एवढ्या वर्षांत एकच गोष्ट शिकलो. जो आधी आकडा बोलतो, तो हरतो. गप्प बसायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. आणि तू पहिल्याच वाक्यात आपला आकडा मांडून मोकळा. मला तुझी दया आली, खरं सांगतो. म्हटलं, या पोराला जगात कोण ठेवून घेणार?

अर्ध्या तासाची मी दहा मिनिटं केली. तुम्ही सगळ्या गाड्या झाडल्यात, छतावरचासुद्धा बर्फ काढलात, जो मी कधी काढत नाही. मग ऑफिसात बसून मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. तू नऊ मिनिटं बोललास आणि थांबलास. एक मिनिट उरलंय, म्हणालास, त्यात तुम्ही सांगा, अमेरिकेत कसे आलात? त्या एका मिनिटात मी चाळीस मिनिटं बोललो. रीस खुर्चीत झोपला. तू नाही झोपलास.

त्यानंतर बर्फ पडला की तुम्ही यायचात. कधी नाही पडला तरी यायचात. मी तुला गिऱ्हाईक कसं ओळखायचं ते शिकवलं, टायरला लाथ मारणारा कधी गाडी घेत नाही हे दाखवलं. वॉरंटीवरून कुणी वाद घालायला आलं की मी म्हणायचो, जे बोललं नाही ते सौद्यात नाही. तुला हे वाक्य फार आवडलं होतं. दोनदा म्हणून घेतलं होतंस माझ्याकडून. तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

तुझा डिसेंबर कसा असतो ते तू हसत सांगायचास. रडत सांगितला असतास तर मी विसरलो असतो. लोक डिसेंबरात बेल वाजली की धावत येतात, म्हणायचास, त्यांना वाटतं पार्सल आलं. दार उघडतात आणि समोर तुम्ही दोघं, हातात पुस्तक. “आम्ही एकटेच असे, मिस्टर मोहिते, जे कुणी ऑर्डर केलेलं नाही.” एका बाईंनी तर तुमच्या मागे वाकून पाहिलं होतं, बॉक्स कुठे ठेवलाय म्हणून. एक जण म्हणाला होता, आज आमचं कुटुंब जमलंय, नंतर या. नंतर म्हणजे केव्हा, असं तू विचारलंस तर म्हणाला, उन्हाळ्यात. खिडक्यांतून तुम्हाला सगळ्यांची झाडं दिसायची, दिवे दिसायचे, टेबलाभोवतीची माणसं दिसायची. टीव्ही बघायचा नाही, सिनेमा नाही, एकट्यानं कुठे जायचं नाही, रीस कायम नजरेच्या टप्प्यात. सोमवारी कपडे धुवायचे आणि आईशी बोलायचं. बुधवारी म्हाताऱ्यांच्या होममध्ये गाणी म्हणायची. तिथली एक आजी तुला दर बुधवारी आपला नातू समजायची, आणि तूही दर बुधवारी तिच्या कॉलेजच्या चौकशीला उत्तर द्यायचास. खोटं बोलत नाहीस ना तू, मी विचारलं. “कॉलेजला जाणार आहेच मी,” तू म्हणालास. “थोडं आधी सांगतो एवढंच.”

तुझ्या आईनं पाठवलेला बॉक्स पंचवीस तारखेपर्यंत उघडायचा नाही म्हणून तू फ्रिजवर ठेवला होतास. रीसनं त्याचा पहिल्याच दिवशी फोडला आणि तुझ्याकडे रोज आशेनं बघायचा. खोलीत झाड नव्हतं. एक दिवस तू ऑफिसातल्या खोक्यातून गाडीच्या आरशाला टांगायचं ते वासाचं हिरवं झाड मागितलंस, पुठ्ठ्याचं, बोटभर. मी म्हटलं, त्याबद्दल पुढच्या वेळची पाच मिनिटं कमी. तू लगेच कबूल झालास. घासाघीस करायची असते रे, मी ओरडलो. तू झाड खिशात घालून पसार.

माझाही एक पहिला डिसेंबर होता. पंचवीस तारखेला सगळं बंद असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरात ब्रेड आणि लोणचं होतं, त्याचं काही नाही, पण कुणाशी तरी बोलायचं होतं. बर्फातून दीड मैल चालत लायब्ररीपर्यंत गेलो आणि दारावरची पाटी वाचून परत आलो. त्या चाळीस मिनिटांत हे मी तुला सांगितलं नाही. नंतरही नाही.

शैलानं तुम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं तेव्हा मला लॉटवरून यायला उशीर झाला. घरी आलो तर तुम्ही दोघं पोर्चमध्ये उभे, खांद्यावर बर्फ, आणि शैला दाराच्या फटीतून एकेक बेसनाचा लाडू बाहेर देत होती. घरात बाई एकटी असली की आत जायचं नाही हा तुमचा नियम. “अहो, पाऊण तास झाला,” शैला माझ्यावरच चिडली, “मी म्हटलं सोफ्यावर बसा, मी बेडरूममध्ये जाऊन बसते, तरी ऐकत नाहीत.” तू आत आलास, भिंतीला हात टेकून बूट काढलेस आणि तिला विचारलंस की तुमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला काय म्हणतात. त्या दिवसापासून ती काकू.

आता चहाचं.

आमच्याकडे दारात आलेला माणूस चहा नको म्हणाला, तर तो भांडायला आलाय असं समजतात. तू रोज नको म्हणायचास. तुमच्या धर्मात चहा-कॉफी चालत नाही हे तू पहिल्या दिवशी सांगितलंस, मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मला वाटायचं, पुरेसा थंड पडला की पिईल. शैलानं यावर उपाय काढला, स्टीलच्या थर्मासमधून उकाळा पाठवायला लागली. सुंठ, आलं, धने, वेलची, गूळ, दूध. चहापत्ती नाही. तू दोन-दोन ग्लास प्यायचास. थर्मास दिसला की डोळे मिटून विश्वास.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तू मला चर्चला बोलावलंस. नाताळच्या आधीचा रविवार, सकाळी दहा, एक तास. तू गाणार होतास, दोन ओळी एकट्यानं. “माझा आवाज वाईट आहे,” म्हणालास, “म्हणूनच ओळखीचं कुणी हवं.” मी म्हटलं, रविवारी माझं दुकान असतं. ते खोटं होतं, मिशिगनमध्ये रविवारी गाड्या विकत नाहीत, आणि तुलाही ते ठाऊक होतं. तू हसलास. मला राग आला. मी म्हटलं, ज्या दिवशी तू माझ्या हातचा चहा पिशील, त्याच्यानंतरच्या रविवारी मी तुझ्या चर्चमध्ये येऊन बसेन.

“पूर्ण एक तास?”

“पूर्ण एक तास.”

तू हात पुढे केलास. मी हात मिळवला. निर्धास्त होतो. तू चहा पिणार नाहीस आणि मी जाणार नाही, दोघांचंही काही जात नव्हतं. तू मात्र रोज नेमानं विचारायचास, रविवारी येणार? मी रोज म्हणायचो, चहा घे. रीस कंटाळला होता आम्हाला.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी एक विकलेली गाडी परत आली होती आणि माझं डोकं फिरलेलं होतं. पारा शून्याच्या बराच खाली. थर्मासमधला उकाळा मी ऑफिसातल्या हॉटप्लेटवर ओतला आणि त्यात दोन चमचे चहापत्ती टाकली. आसामची, कडक. वर आणखी आलं किसलं, गूळ घातला, गाळलं आणि परत थर्मासमध्ये भरलं. का केलं? मला जिंकायचं होतं, एवढंच तेव्हा वाटलं. शैला हे वाचल्यावर म्हणेल, तुम्हाला जायचंच होतं, निमित्त हवं होतं. मला माहीत नाही. तिला अशा गोष्टी माझ्या आधी कळतात.

रीस बाहेर एका व्हॅनवरचा बर्फ काढत होता, काचेतून दिसत होता. तू आत आलास, बोटं लाल झालेली. मी ग्लास भरून दिला. काकूचा उकाळा? तू विचारलंस. मी मान हलवली. तू दोन्ही हातांनी ग्लास धरून जवळजवळ सगळा प्यालास, आणि म्हणालास की आजचा सगळ्यात चांगला झालाय.

“दोन चमचे चहा आहे त्यात,” मी म्हटलं.

तू ग्लासात पाहिलंस. तळाशी दोन घोट उरले होते. ग्लास तू टेबलावर ठेवलास, अगदी हळू, सांडू नये म्हणून. मी वाट बघत होतो. शिव्या दे, आरडाओरडा कर, ग्लास भिंतीवर मार. मला त्या सगळ्याची सवय आहे, त्यावर मला बोलता येतं. तू कोटाची बाही ओठांवरून फिरवलीस. मग म्हणालास, “ठीक आहे. मी प्यालो. रविवार, दहा वाजता.”

“हे धरलं जात नाही. तुला ठाऊक नव्हतं.”

“ठाऊक असायला हवं असं तुम्ही म्हणाला नव्हतात. जे बोललं नाही ते सौद्यात नाही.”

माझंच वाक्य, माझ्याच ऑफिसात. मी तुला फसवलं होतं आणि आता मीच माझी फसवणूक फसवणूक आहे म्हणून गळा काढत होतो. एवढा हरलेला मी कधी नव्हतो. मग मी तेच केलं जे हरल्यावर करतो. ओरडलो. उद्यापासून माझ्या लॉटवर पाय ठेवायचा नाही म्हणालो, तुझ्या त्या पुस्तकाला काहीबाही बोललो. बाहेर रीसनं ब्रश थांबवून आत पाहिलं. तू हातमोजे घातलेस, ‘काकूला थँक्स सांगा’ म्हणालास आणि गेलास.

रविवारी मी आलो होतो, केलेब.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. शैलाला म्हटलं, एक गाडी बघून येतो. लॉटवरच्या सगळ्या गाड्या तू हातानं पुसलेल्या, प्रत्येक तुला ओळखीची, म्हणून शुक्रवारी आलेली एक करडी गाडी काढली, जी तू पाहिलेली नव्हती. चर्चच्या पार्किंगमध्ये अगदी मागच्या रांगेत लावली. दहाला दहा कमी होते. माणसं आत जात होती, पोरांचे हात धरून. मी म्हटलं, इंजिन बंद करतो आणि उतरतो. इंजिन बंद केलं नाही. तू बाहेर आलास, कोट न घालता, पांढऱ्या शर्टात, आणि रस्त्याकडे बघत राहिलास. मागे दारात रीस. मी सीटवर खाली सरकलो, या वयात, या पोटानिशी. तू आत गेलास, पुन्हा आलास. पुन्हा गेलास. काचा बंद होत्या, त्यामुळे तुझ्या दोन ओळी मला ऐकू आल्या नाहीत. साडेदहाला मी निघालो.

पंचवीस तारखेचं जेवण शैलानं तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तिला आमचं भांडण माहीत नव्हतं. तिनं पुरणपोळ्या केल्या, कटाची आमटी केली. मी सकाळपासून ठरवत होतो, तू आलास की काय बोलायचं. माफी मागायची नव्हती. ग्लासातले ते दोन घोट कुणाच्या बाजूनं धरायचे यावर वाद घालायचा, म्हणजे आपोआप सुरळीत झालं असतं. बेल वाजली. मी धावत गेलो. दारात रीस आणि एक नवाच मुलगा, चष्मेवाला. एल्डर लार्सनची मंगळवारी बदली झाली, रीस म्हणाला, लॅन्सिंगच्या पुढे कुठेतरी, त्यानं नमस्कार सांगितलाय. मी जेवायला बसलो नाही. गॅरेजमध्ये जाऊन एका गाडीचे प्लग काढले आणि परत घातले.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगतो. तू वर जाऊन सांगितलंस, असं वाटलं. त्या माणसानं मला फसवून चहा पाजला, मला इथून हलवा. आणि तोंड न दाखवता गेलास. गुरुवार ते मंगळवार, चार दिवस होते तुझ्या हातात, एकदा लॉटवर येऊन जातो म्हणाला असतास. लॉटवर पाय ठेवायचा नाही असं मीच बजावलं होतं, हे मला त्या वेळी आठवलं नाही. नंतर आठवलं, पण तोवर राग पक्का झाला होता, आणि पक्का झालेला राग मी कधी मोडीत काढत नाही.

पुढच्या डिसेंबरात तुझा मेसेज आला. “मिस्टर मोहिते, रविवार, दहा वाजता. कडेची जागा धरून ठेवली आहे. कुठलीही गाडी चालेल.” त्याच्या पुढच्या डिसेंबरात तोच. तेव्हा तू आयडाहोला परत गेला होतास. इतक्या लांबून माझी जागा कोण धरतंय, मी शैलाला म्हटलं. उत्तर द्या की, ती म्हणाली. देतो, म्हटलं. चार डिसेंबर, चार मेसेज, शब्दाचा फरक नाही. ‘कुठलीही गाडी’ हा माझ्या धंद्यावरचा विनोद आहे असं मी धरून चाललो होतो. मी उत्तर दिलं नाही. आधी बोललं की हरलो, एवढंच डोक्यात. पण खोटं कशाला बोलू, नोव्हेंबर संपला की मी फोन जास्त वेळा बघायचो.

या वर्षी मेसेज आला नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या नंबरवरून फोनच आला. मी एका गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून उचलला आणि समोरचं काही ऐकायच्या आत, पाच वर्षं साठवलेल्या आवाजात, म्हणालो, “काय रे, रविवार, दहा वाजता?”

 पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

तुझ्या आईनं मला सगळं सांगितलं. आजार किती दिवस होता, शेवटी कसं झालं. ते मी इथे लिहीत नाही. चोविसाव्या वर्षी कुणाचं काही लिहावं असं होतच नाही. तुझ्या फोनमधले सगळे नंबर त्या एकेक करून लावत होत्या. तुझं नाव त्यांनी घेतलं तेव्हा मला कळलंच नाही त्या कुणाबद्दल बोलताहेत. केलेब, केलेब म्हणत राहिल्या. मी विचारलं, तो माझ्याबद्दल काही बोलला होता का? मला ऐकायचं होतं की तू सांगितलंस. मग माझा राग खरा ठरला असता.

त्या म्हणाल्या, तो म्हणायचा मिशिगनमधला सगळ्यात कठीण माणूस तुम्ही. त्याची बदली झाली तेव्हा तुमच्याकडचं जेवण हुकलं म्हणून फार वाईट वाटलं होतं त्याला. मी विचारलं, बदली का झाली? त्यांना प्रश्नच समजला नाही. दर सहा आठवड्यांनी होतात, म्हणाल्या, शनिवारी फोन येतो, मंगळवारी निघायचं. सगळ्यांच्याच होतात.

एवढंच होतं. कुणी काही सांगितलं नव्हतं, कुणी हलवलं नव्हतं. पाच वर्षं जपलेला माझा राग, आणि त्याच्या आत काहीच नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, तुम्ही त्याला एक गरम पेय द्यायचात, आल्याचं, चांदीच्या रंगाच्या थर्मासमधून. आजारपणात त्याच्या तोंडाला चव नव्हती, तेव्हा तेच मागायचा. विशेषतः शेवटच्या वेळी जे दिलंत ते. आम्ही आलं घालून पाहिलं, वेलची, गूळ मागवला, सगळं केलं. तो प्यायचा आणि म्हणायचा, जवळपास आहे. काय घालायचात तुम्ही त्यात?

गिऱ्हाईक समोर उभं होतं, मी त्याच्याकडे पाठ फिरवली. तुला ठाऊक होतं काय कमी आहे ते. शेवटपर्यंत ठाऊक होतं, आणि तू ते मागितलं नाहीस, आणि चहा मी घातला होता हेही कुणाला सांगितलं नाहीस. मी म्हटलं, आलं, सुंठ, धने, वेलची, गूळ, दूध. मंद आचेवर ठेवायचं. मग गेलाबाजार काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, इथल्या पाण्याचा फरक असेल. त्यांनी लिहून घेतलं. अजूनही करून बघणार आहेत. आणि म्हणाल्या, तुम्ही दिलेलं ते पुठ्ठ्याचं हिरवं झाड आमच्या झाडावर टांगतो दरवर्षी, वास गेलाय आता त्याचा.

काल मी गेलो, केलेब. नाताळच्या आधीचा रविवार. माझीच रोजची गाडी, दारासमोर लावली. कडेच्या जागेवर बसलो. पूर्ण एक तास, घड्याळ न बघता. दोन नवीन पोरं गाणी म्हणत होती, त्यातला एक बेसूर होता, आणि मी त्याच्याकडेच बघत राहिलो. मला काही साक्षात्कार झाला नाही. जसा गेलो तसाच उठलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, कुणी बोलावलं तुम्हाला? मी तुझं नाव सांगितलं, पूर्ण. ते म्हणाले, आठवतोय, पण इथे असताना आम्ही त्याला एल्डर लार्सनच म्हणायचो.

बाहेर पडताना मी दारात थांबलो, तू थांबायचास तिथे, आणि पार्किंगकडे पाहिलं. मागच्या रांगेतली ती जागा तिथून समोर दिसते. मध्ये झाड नाही, खांब नाही. तिथे एक गाडी उभी होती आणि तिच्यात बसलेल्या बाईंच्या मफलरचा रंगसुद्धा मला दिसत होता. चालू इंजिनचा धूर दिसत होता.

म्हणजे तू मला पाहिलं होतंस. स्टिअरिंगखाली सरकलेला एक जाड माणूस, अनोळखी गाडीत. म्हणून कुठलीही गाडी चालेल. चार वर्षं तू मला सांगत होतास की पाहिलंय, आणि एकदाही ‘पाहिलंय’ म्हणाला नाहीस. तू माझा चहा झाकलास आणि माझं येणंही झाकलंस. वर, मी जिंकतोय असं मला वाटू दिलंस. याचा मला राग आहे. हा नवा आहे आणि खरा आहे, तो मी सोडणार नाही. एकदा तरी भांडायचं होतंस माझ्याशी.

काल घरी येऊन शैलाला उकाळा करायला सांगितला, पत्ती न घालता. पूर्ण ग्लास प्यालो. जवळपास आहे.

जो आधी बोलतो तो हरतो. ठीक आहे, मी आधी बोलतो. मला तुझा धर्म नको होता, बर्फ मी स्वतः झाडू शकतो, अजून झाडतो. मला हवं होतं ते एवढंच, की पंचवीस तारखेला बेल वाजावी, मी पार्सल समजून धावत जावं आणि दारात तू असावास. भिंतीला हात टेकून बूट काढावेस. पानावर पुरणपोळी असावी आणि तू म्हणावंस, मिस्टर मोहिते, ते दोन घोट माझ्याकडे उरलेत, त्याचं काय करायचं?

माझं बोलून झालं. आता तू बोल.